डेबियन १३ वर गेल्यावर व्हर्च्युअलबॉक्समधील एक्सपी सुरू होत नाही : केव्हीएम बंद करावे की केव्हीएमवरच जावे?

जुळारी

सातारा जिल्ह्यात आमचा छोटा छापखाना आहे. वडिलांच्या काळापासूनची, म्हणजे साधारण २००२ ते २०१४ या वर्षांतील बहुतेक कामे पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये आणि जुन्या बिगर-युनिकोड फाँटांत केलेली आहेत. त्या फाँटांचा कळफलक चालवणारा प्रोग्रॅम यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून लावायचे छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाही आणि एक्सपीच्या पुढच्या विंडोजवर तो चालत नाही. मूळ एक्सपी संगणकाचा मदरबोर्ड २०१९ मध्ये गेला, तेव्हा मी डेबियन या लिनक्स प्रणालीवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्रॅम) घालून त्यात एक्सपी बसवली आणि आजवर तिच्यावरच जुनी कामे उघडत आले.

गेल्या आठवड्यात संगणकात नवी एसएसडी घातली, तिच्यावर डेबियन १३ कोरे बसवले, व्हर्च्युअलबॉक्स ७.२ घातले आणि डेबियन १२ असलेल्या जुन्या डिस्कवरून व्हीएमचा संपूर्ण फोल्डर आणला. एक्सपी यादीत दिसते, पण ‘स्टार्ट’ दाबताच संदेश येतो की व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमएक्स रूट मोडमध्ये चालू शकत नाही. केव्हीएम कर्नल एक्स्टेन्शन बंद करा, कर्नल पुन्हा कंपाइल करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. शेवटी ‘व्हीईआरआर_व्हीएमएक्स_इन_व्हीएमएक्स_रूट_मोड’ असा संकेत आहे.

मी केव्हीएम कधीही वापरलेले नाही. कर्नल (प्रणालीचा मूळ भाग) कंपाइल करणे तर माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. इकडे एका वाचनालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघायची आहे. २१२ पानांपैकी ९ पानांवर दुरुस्त्या आहेत आणि ती नऊ पाने उघडल्याशिवाय छपाईच्या प्लेटसाठीचे ट्रेसिंग काढता येत नाही. माझे दोन प्रश्न आहेत. हे आज कसे सुरू करावे? आणि पुढच्या दहा वर्षांसाठी व्हर्च्युअलबॉक्सवरच राहावे की दुसरीकडे जावे?

रात्रपाळी

ताई, कर्नल कंपाइल करण्याची अजिबात गरज नाही. तो संदेश फार जुना आहे आणि त्यातील ते वाक्य आज अनेकांना विनाकारण घाबरवते.

कारण असे आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २००५ पासून व्हीएम चालवण्यासाठी व्हीटी-एक्स नावाची सोय आहे. कोणताही हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम, ती वापरण्यापूर्वी प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याला एका विशेष अवस्थेत नेतो. तिलाच व्हीएमएक्स रूट मोड म्हणतात. एकाने गाभा त्या अवस्थेत नेला की दुसऱ्याला तो आपल्या ताब्यात घेता येत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये केव्हीएम हा स्वतःचा हायपरवायझर आहे आणि प्रोसेसरमध्ये सोय दिसली की त्याचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) संगणक सुरू होतानाच आपोआप चढते. ते पूर्वीही चढत होते, आपल्या डेबियन १२ मध्येसुद्धा. फरक एवढाच की पूर्वी ते गप्प बसून राहायचे आणि पहिली केव्हीएम व्हीएम सुरू झाली तरच प्रोसेसरचा ताबा घ्यायचे. डेबियन १२ चा कर्नल ६.१ होता. डेबियन १३ मध्ये कर्नल ६.१२ आहे आणि ६.१२ पासून केव्हीएम चढल्याबरोबर ताबा घेते. आपण केव्हीएम वापरत नसलात तरी जागा अडलेली असते, ती त्यामुळे.

आजच्यापुरता उपाय : सगळ्या व्हीएम बंद असताना टर्मिनलवर ‘सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’ ही आज्ञा द्या आणि मग एक्सपी सुरू करा. संगणक पुन्हा सुरू केला की मॉड्यूल परत चढेल, म्हणून कायमचा उपाय वेगळा करावा लागेल. पण आधी एवढे करून पाहा आणि काय होते ते येथे कळवा. (धाग्यावर देवनागरीत लिहीत असलो तरी आज्ञा अर्थातच रोमन लहान अक्षरांत टंकायच्या आहेत आणि जेथे मी अधोरेषा दिली आहे तेथे अधोरेषाच हवी.)

कोकणकडा

हाच प्रकार माझ्या एएमडी संगणकावर झाला होता. तेथे संकेत ‘व्हीईआरआर_एसव्हीएम_इन_यूज’ असा येतो आणि मॉड्यूलचे नाव केव्हीएम_एएमडी असते. बाकी सगळे सारखेच आहे.

पिंपळपार

रात्रपाळी, मला प्रामाणिकपणे समजून घ्यायचे आहे. लाखो लोकांचे चालते काम अडेल असा बदल कर्नलवाल्यांनी का केला असेल?

रात्रपाळी

पिंपळपार, त्यामागे दोन कारणे आहेत आणि दोन्ही मला पटतात. मोठ्या सर्व्हरवर शेकडो गाभे असतात. पहिली व्हीएम सुरू होताना त्या सगळ्यांना एकेक करून त्या अवस्थेत न्यायचे म्हटले की तेवढा विलंब त्या पहिल्या व्हीएमला सोसावा लागतो. ते काम मॉड्यूल चढतानाच उरकले की व्हीएम चटकन उभी राहते. दुसरे कारण इंटेलच्या टीडीएक्सचे आहे. ज्या व्हीएमची स्मृती होस्टलासुद्धा (बाहेरच्या खऱ्या संगणकाला) वाचता येऊ नये अशी अपेक्षा असते, तिच्यासाठी टीडीएक्स असते आणि त्याच्या तयारीला व्हर्च्युअलायझेशन आधीपासून सुरू असावे लागते. बदल करणाऱ्यांनी जुनी वागणूक परत आणण्याची कळही ठेवली आहे. तिच्याविषयी पुढे लिहितो. कर्नलच्या बाहेरून येणाऱ्या मॉड्यूलांना मात्र अशा अंतर्गत वागणुकीची हमी कधीच दिलेली नसते आणि व्हर्च्युअलबॉक्सचे व्हीबॉक्सडीआरव्ही हे तसेच बाहेरचे मॉड्यूल आहे.

जुळारी

रात्रपाळी, शतशः आभार. आज्ञा दिली, टर्मिनल काहीही न बोलता पुढच्या ओळीवर आले आणि एक्सपी सुरू झाली. तो निळा-हिरवा डेस्कटॉप पाहून वडील खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

मात्र फाँटांचा प्रोग्रॅम ‘डोंगल सापडत नाही’ असे म्हणतो. डोंगल त्याच यूएसबी खाचेत आहे आणि त्यावरचा हिरवा दिवाही लागलेला आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी यादीत मात्र ‘एकही उपकरण जोडलेले नाही’ असे दिसते. हाही कर्नलचाच परिणाम आहे का?

कोकणकडा

नाही, हे कोऱ्या बसवणीमुळे झाले आहे. आपले खाते ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात असल्याशिवाय व्हर्च्युअलबॉक्सला होस्टची यूएसबी उपकरणे दिसत नाहीत. जुन्या डेबियनवर आपण कधीतरी खाते गटात घातले असणार आणि सहा वर्षांत ते विसरायला झाले असणार. आता पुन्हा घाला आणि पूर्ण लॉगआउट होऊन परत या. नुसती खिडकी बंद करून भागत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. व्हीएमच्या सेटिंगमध्ये यूएसबी २.० निवडलेले असू द्या. एक्सपीकडे यूएसबी ३ चे ड्रायव्हर नसतात, त्यामुळे ३.० निवडले तर डोंगल गेस्टपर्यंत, म्हणजे आतल्या एक्सपीपर्यंत, पोचूनही ओळखले जाणार नाही. पूर्वी २.० साठी एक्स्टेन्शन पॅक (व्हर्च्युअलबॉक्सची वेगळी पुरवणी) लागायचा, आवृत्ती ७.० पासून ती सोय मूळ पॅकेजमध्येच आली आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण एक्स्टेन्शन पॅकचा विनामूल्य परवाना वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरताच आहे. छापखान्यात त्याची गरज उरलेली नाही, तर तो घालूच नका.

जुळारी

गटात नाव घातले, लॉगआउट केले, डोंगल दिसले, प्रोग्रॅम उघडला आणि पान १४३ डोळ्यांसमोर आले. वाचनालयाच्या पहिल्या ग्रंथपालांच्या नावात ‘र्हा’चा ‘ऱ्हा’ करायचा होता; ती दुरुस्ती वडिलांनी स्वतः केली. उरलेली आठ पाने उद्या करू.

आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे, ही विनंती.

प्रयोगशाळा_क्र_४

दुसऱ्या प्रश्नापूर्वी विंडोजच्या बाजूचा अनुभव मांडतो, कारण गाभ्याचा प्रश्न तोच आहे आणि धागा वाचणाऱ्यांपैकी अनेकजण त्या बाजूचे असतील.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर विद्यार्थी व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवून नेटवर्कची प्रात्यक्षिके करतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार म्हणून आम्ही सुट्टीत सर्व संगणकांवर विंडोज ११ कोरे बसवले. सत्र सुरू झाले आणि पहिल्याच प्रात्यक्षिकाला तक्रार आली की जी व्हीएम मिनिटभरात उभी राहत होती ती आता चहा पिऊन आले तरी लॉगिनपर्यंत पोचत नाही. कुठलाही त्रुटी-संदेश नव्हता. एका विद्यार्थिनीने मला बोलावून खिडकीच्या तळपट्टीतील बारीक चिन्हाकडे बोट दाखवले आणि विचारले, “सर, आधी येथे वेगळे चित्र असायचे, आता हिरवे कासव का आहे?” सगळ्या प्रश्नाचे उत्तर त्या कासवातच होते.

विंडोज ११ नव्याने बसवली की योग्य हार्डवेअरवर ‘मेमरी इंटिग्रिटी’ आपोआप सुरू होते. तिच्यासाठी विंडोज स्वतःच हायपर-व्ही या हायपरवायझरवर चालू लागते, म्हणजे प्रोसेसरचा ताबा आधीच गेलेला असतो. लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स अशा वेळी सरळ नकार देते. विंडोजवर ते आवृत्ती ६.० पासून हायपर-व्हीच्याच मार्फत काम चालवण्याचा प्रयत्न करते. व्हीएम सुरू होते, पण धीम्या गतीने, आणि ते कासव हीच त्याची खूण आहे. नकार निदान लगेच कळतो, मंदपणा कळायला आम्हाला तीन दिवस लागले.

धडाकेबाज

सर, मग ‘बीसीडीएडिट’ने हायपरवायझरलाँचटाइप ‘ऑफ’ करून टाका, विंडोज सिक्युरिटीत जाऊन मेमरी इंटिग्रिटी बंद करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. पाच मिनिटांचे काम आहे. मी सगळ्यांकडे हेच करतो.

प्रयोगशाळा_क्र_४

धडाकेबाज, उपाय बरोबर आहे, पण प्रयोगशाळेत मी तो केला नाही आणि का केला नाही ते सांगणे मला आवश्यक वाटते. मेमरी इंटिग्रिटी ही कर्नलमध्ये कोणता कोड चालू द्यायचा याची राखण करते. आमच्याकडे दिवसाला शंभर पेनड्राइव्ह संगणकांना लागतात. एका विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी वर्षभर सगळ्या संगणकांची राखण उठवणे मला योग्य वाटले नाही. शिवाय दुसऱ्या विषयाला डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) लागते आणि तीही हायपर-व्हीच्याच पायावर उभी आहे. आपण सांगितलेला बदल केला की ती बंद पडते. आम्ही शेवटी प्रात्यक्षिकाच्या व्हीएम हायपर-व्हीमध्येच नव्याने केल्या. आमच्याकडे प्रो आवृत्ती आहे म्हणून ते जमले. होम आवृत्तीत हायपर-व्ही मॅनेजर मिळत नाही.

घरच्या एकट्याच्या संगणकावर, व्हीएम हेच मुख्य काम असेल आणि डब्ल्यूएसएल लागत नसेल, तर आपला उपाय मी नाकारणार नाही. त्यासाठी आपण काय बंद करत आहोत हे माणसाला ठाऊक असले पाहिजे.

धडाकेबाज

डब्ल्यूएसएलचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य आहे.

चार्ल्सकाठी

मी बोस्टनला असते. पुण्याला वडिलांची जुनी हिशेबाची एक्सपी व्हीएम होती. ती मी माझ्या नव्या मॅकवर घेऊन यायचे ठरवले आणि तेथे प्रश्न आवृत्तीचा उरलाच नाही, जातकुळीचाच झाला. ॲपलने २०२० पासून मॅकमध्ये स्वतःचे एआरएम प्रोसेसर घालायला सुरुवात केली. एक्सपी x८६ प्रोसेसरसाठी लिहिलेली आहे. व्हर्च्युअलायझेशनमध्ये गेस्टच्या आज्ञा बहुतांशी थेट खऱ्या प्रोसेसरवर धावतात, म्हणून दोघांची भाषा एक असावी लागते. भाषा निराळी असली की प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करावे लागते आणि त्याला इम्युलेशन म्हणतात. यूटीएम हा क्यूईएमयूवर आधारलेला प्रोग्रॅम ते करून देतो. हिशेबाच्या खिडक्या त्यात उघडतात, पण २१२ पानांचे पेजमेकर त्यात हलवण्याची कल्पना मला करवत नाही. म्हणून जुळारी, पुढच्या दहा वर्षांचा विचार करत असाल तर x८६ प्रोसेसरचा एक चांगला संगणक जपून ठेवणे हाही नियोजनाचा भाग समजा.

शुद्धलेखन

सर्वांची क्षमा मागून वेगळे मत मांडते. आपण सगळे रोग्याला कोणत्या खाटेवर ठेवावे याची चर्चा करत आहोत. मूळ मजकूर युनिकोडमध्ये आणला तर एक्सपी, डोंगल, व्हीएम यांपैकी कशाचीच गरज उरणार नाही. लिबरऑफिस पेजमेकरच्या फायली २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून उघडते. जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तकही उपलब्ध आहेत. जुळारी यांनी दर महिन्याला एक जुने काम युनिकोडमध्ये आणण्याचा नेम धरावा.

जुळारी

शुद्धलेखन, आपला सल्ला मनापासूनचा आहे हे जाणवते, म्हणून उत्तरही सविस्तर देते. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडते, हे मी पाहिले आहे. परंतु आमचे फाँट दिसते तसे साठवतात. ‘कार्तिकी’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये ‘र्’ आधी येतो, मग ‘त’, मग ऱ्हस्व वेलांटी. आमच्या फायलीत आधी ऱ्हस्व वेलांटीचा आकार, मग ‘त’चा आकार आणि मग रफाराचा आकार, असा क्रम साठवलेला आहे. परिवर्तकाला वेलांटी उचलून मागे न्यावी लागते आणि रफार उचलून पुढे आणावा लागतो. साध्या अक्षरात ते जमते. ‘ईर्ष्येच्या’, ‘निर्व्याज’, ‘मूर्च्छित’ अशा जोडाक्षरांत त्याचा तोल जातो, आणि जुन्या कवितांत तर ओळीगणिक चूक निघते. एका पानाचे परिवर्तन सेकंदात होते आणि त्याचे प्रूफ वाचायला अर्धा तास लागतो. मी गेल्या वर्षी १६ पानांचा एकच फॉर्म पूर्ण युनिकोडमध्ये आणला. त्याला रोज दुपारचे दोन तास याप्रमाणे आठवडा गेला, आणि त्यात पानांची मांडणी नव्याने करण्याचा वेळ धरलेला नाही.

हे काम मी करणारच आहे आणि सुरूही केले आहे. पण ते पूर्ण होईपर्यंत मूळ पान मूळ फाँटात कसे दिसत होते ते पाहण्यासाठी एक्सपी उघडता यायलाच हवी. प्रूफ तपासताना समोर ठेवायला तीच खरी प्रत आहे.

शुद्धलेखन

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. परिवर्तनासाठीसुद्धा जुनी प्रणाली जिवंत लागते, हे पटले. आपण कविता परिवर्तित करायला घ्याल तेव्हा प्रूफ वाचायला मला पाठवा, मी आनंदाने वाचेन.

रात्रपाळी

आता कायमच्या उपायाकडे येतो.

पहिला मार्ग, व्हर्च्युअलबॉक्सवरच राहणे. मी वर जी कळ म्हणालो ती म्हणजे केव्हीएमचा ‘एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड’ हा पर्याय. ‘ईटीसी’ मधील ‘मॉडप्रोब.डी’ या फोल्डरात एक लहानशी फाइल करून तिच्यात ‘ऑप्शन्स केव्हीएम एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०’ एवढी ओळ लिहिली की केव्हीएम ६.१२ पूर्वीसारखे वागू लागते, म्हणजे चढते पण ताबा घेत नाही. मॉड्यूल काळ्या यादीत टाकण्यापेक्षा हे बरे, कारण उद्या केव्हीएम वापरून पाहायचे झाले तर ते हाताशी राहते. फक्त दोघांच्या व्हीएम एकाच वेळी चालवता येणार नाहीत. मात्र बाहेरच्या मॉड्यूलचा प्रश्न तसाच राहतो : प्रत्येक नव्या कर्नलबरोबर ते पुन्हा बांधावे लागते, आणि संगणकावर सिक्युअर बूट (फक्त सही केलेला कोड चालू देणारी सोय) सुरू असेल तर ते आपल्या किल्लीने सही केलेलेही असावे लागते. पहिल्यांदा ती किल्ली नोंदवताना संगणक सुरू होताच एक निळा पडदा दहा सेकंदच थांबतो. त्या अवधीत कळ दाबली नाही तर नोंदणी होत नाही आणि माणूस कर्नलला दोष देत बसतो.

दुसरा मार्ग, व्हर्ट-मॅनेजर (केव्हीएमच्या व्हीएम सांभाळणारा प्रोग्रॅम) घालून केव्हीएमवर जाणे. केव्हीएम कर्नलबरोबरच येते, कर्नलबरोबरच तपासले जाते, म्हणून होस्टची आवृत्ती बदलली तरी ही दोघांची ओढाताण उरत नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीच्या मुख्य भांडारात व्हर्च्युअलबॉक्स नाही, केव्हीएमचा सर्व संच आहे. दहा वर्षांचा विचार असेल तर माझे मत या मार्गाला आहे.

कोकणकडा

दुसऱ्या मार्गाविषयी माझे मत थोडे निराळे आहे. मीही एक्सपी केव्हीएमवर नेली आहे आणि ती आज चालते. पण चालती व्हीएम हलवणे म्हणजे एक्सपीच्या दृष्टीने रात्रीतून मदरबोर्ड बदलणे असते. तीन ठिकाणी माणूस अडखळतो.

डिस्कचा नियंत्रक सर्वात महत्त्वाचा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आयडीई हा जुना प्रकार असेल तर व्हर्ट-मॅनेजरमध्येही आयडीईच निवडा. सॅटा किंवा व्हर्टआयओ निवडले तर एक्सपीला त्याचा ड्रायव्हर सापडत नाही आणि सुरू होतानाच शेवटी ‘७बी’ असलेला निळा पडदा येतो. दुसरे, एवढे हार्डवेअर बदललेले पाहून एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकते, आणि तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेला आहे. त्याची तजवीज आधी करा.

तिसरा अडथळा मी स्वतः खाल्लेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ‘क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट’ने व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय ही डिस्कची फाइल केव्हीएमच्या क्यूकाउ२ स्वरूपात नेता येते, आज्ञा एका ओळीची आहे. मी ती दिली, फाइल तयार झाली, एक्सपी उठली आणि त्यात दोन वर्षांचे काम नव्हते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेतला की मूळ व्हीडीआय त्या क्षणी गोठते आणि पुढचे सगळे बदल ‘स्नॅपशॉट्स’ या उपफोल्डरातील वेगळ्या फायलीत जातात. मी गोठलेली मूळ फाइल नेली होती. सुदैवाने जुना फोल्डर पुसलेला नव्हता. म्हणून आधी व्हर्च्युअलबॉक्समध्येच सद्यस्थितीचा पूर्ण क्लोन (प्रत) करा, म्हणजे सगळे बदल एका फायलीत येतात, आणि मग ती फाइल न्या. तसेच एक्सपी आतून शट डाउन केलेली असावी. ‘सेव्ह स्टेट’ करून ठेवलेली स्थिती केव्हीएमला वाचता येत नाही.

जुळारी

कोकणकडा, आपला प्रतिसाद वाचला आणि उठून फोल्डर उघडला. ‘स्नॅपशॉट्स’मध्ये दोन फायली आहेत. मूळ व्हीडीआयची तारीख आहे नोव्हेंबर २०१९, म्हणजे मी एक्सपी बसवून फाँट घातले आणि ‘आता हे बिघडू नये’ म्हणून स्नॅपशॉट घेतला तो दिवस. तीच फाइल मी काल रात्री पेनड्राइव्हवर ‘बॅकअप’ म्हणून घेऊन कपाटात ठेवली होती. तिच्यात सहा वर्षांतील एकही काम नाही. आता संपूर्ण फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर चालू आहे.

पिंपळपार

जुळारी, हा धागा माझ्याही उपयोगाला आला. माझ्याकडे तशीच एक ‘बॅकअप’ फाइल होती. एक सुचवतो. जुनी डिस्क आपल्याकडे आहेच आणि तिच्यावर डेबियन १२ जशीच्या तशी आहे. डेबियन १२ ला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. ती डिस्क पुसू नका. नवे काही अडले तर तिच्यावरून संगणक सुरू करून काम उरकता येईल.

रात्रपाळी

पिंपळपारांना अनुमोदन. आणि एक्सपीचे नेटवर्क कार्ड व्हीएमच्या सेटिंगमधून काढूनच टाका. फायलींची देवाणघेवाण होस्टबरोबरच्या वाटणीच्या फोल्डरातून होते, तिला इंटरनेट लागत नाही.

जुळारी

आठवडाभराने लिहिते आहे. स्मरणिका छपाईला गेली. नऊही पानांचे ट्रेसिंग व्हर्च्युअलबॉक्समधूनच काढले. रात्रपाळी यांनी सांगितलेली ओळ फाइलमध्ये घातली आहे आणि संगणक चार वेळा बंद-सुरू करून पाहिला. एक्सपी प्रत्येक वेळी उठली.

केव्हीएमचा प्रयोग क्लोनवर केला. आयडीई निवडल्यामुळे निळा पडदा आला नाही. डोंगल व्हर्ट-मॅनेजरमध्ये ‘यूएसबी होस्ट डिव्हाइस’ म्हणून जोडले, तेही ओळखले गेले. पडदा आधी ठेंगणा दिसत होता. क्यूएक्सएल हे आभासी ग्राफिक्स कार्ड निवडून त्याचा एक्सपीसाठीचा ड्रायव्हर घातल्यावर पूर्ण पान दिसू लागले. ॲक्टिव्हेशन मात्र मागितलेच, त्यामुळे तूर्त रोजचे काम व्हर्च्युअलबॉक्सवरच ठेवले आहे. ते मार्गी लागले की मी केव्हीएमवर जाणार, हे ठरवले आहे.

शुद्धलेखन, पहिल्या कवितासंग्रहाची २४ पाने परिवर्तित करून आपल्याला निरोपातून पाठवली आहेत. मूळ पानांच्या पीडीएफ सोबत आहेत. पान ७ वर ‘मूर्च्छना’ दोनदा आली आहे, तेथे विशेष पाहावे.

शुद्धलेखन

मिळाली. पान ७ आधी उघडले. पहिल्या ‘मूर्च्छना’चा रफार ‘छ’वरून निसटून पुढच्या ‘ना’वर गेला आहे, दुसरी बरोबर आहे. उरलेली पाने रविवारी वाचते.